आधी फडकं बदला, मग कोटिंगचं बघा

गाडीच्या रंगाची खरी अवस्था सकाळी पार्किंगच्या सावलीत कळत नाही. भर दुपारी गाडी उन्हात काढा आणि बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडतं त्याच्या आजूबाजूला बघा. बारीक चऱ्यांची गोल गोल वर्तुळं दिसतील. गाडी काळी, गडद निळी किंवा मरून असेल तर लगेच दिसतील. पांढरी-रुपेरी असेल तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून शोधावी लागतील, पण बहुतेक गाड्यांवर असतात. या चऱ्यांना धंद्यात स्वर्ल मार्क म्हणतात. ते खरं तर गोल नसतात, वाटेल त्या दिशेला गेलेले असतात. प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून आपल्याला वर्तुळ दिसतं. वर्षभरापूर्वी शोरूममधून आणलेल्या गाडीवर ही वर्तुळं पाहिली की मालक हळहळतो आणि सिरॅमिक कोटिंगची चौकशी करायला निघतो.

तिथे जरा थांबायला हवं. हे चरे आले कुठून, हे न बघता कोटिंगवर वीस-तीस हजार घालण्यात अर्थ नाही. ज्या फडक्याने ते पाडले, तेच फडकं उद्या सकाळी कोटिंगवरूनही फिरणार आहे.

रंग किती जाड असतो?

कारखान्यात पत्र्याला आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग अख्खी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने तिच्यावर गंजरोधक थर बसवतात. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी होते साधारण १०० ते १३० मायक्रॉन. काही गाड्यांवर त्याहूनही कमी भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपण ज्याला चमक म्हणतो ती वरच्या क्लिअर कोटची, आणि त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा साधारण विसावा ते तिसावा भाग. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला तोच वाचवतो. तो झिजून संपला की छतावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे पडतात, मग साल निघायला लागते. त्याला पॉलिशचा इलाज नाही, पॅनल रंगवूनच घ्यावं लागतं.

आणि रंगवून घेतलेलं पॅनल कारखान्यासारखं होत नाही. कारखान्यात क्लिअर कोट साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो. गॅरेजच्या बूथमध्ये गाडीला वायरिंग, रबर, प्लास्टिक सगळं लागलेलं असतं, त्यामुळे ६०-७० अंशांच्या आसपास थांबावं लागतं आणि रसायनंही वेगळी वापरावी लागतात. चांगला पेंटर उत्तम काम करतो, यात वाद नाही. तरी मूळ रंग जितकी वर्षं टिकवता येईल तितका टिकवावा. जुनी गाडी विकतानाही घेणारा पहिल्यांदा हेच विचारतो: रंग ओरिजिनल आहे ना?

सकाळचं फडकं

आपल्याकडच्या सोसायट्यांत पहाटे साडेपाच-सहाला एक माणूस बादली घेऊन येतो. बादलीभर पाण्यात आणि दोन फडक्यांत तो दहा-बारा गाड्या पुसतो. पहिल्या गाडीला स्वच्छ पाणी मिळतं, शेवटच्या गाडीला चहाच्या रंगाचं. रात्रभर बसलेल्या धुळीत बांधकामाच्या वाळूचे आणि खडीच्या क्रशरमधल्या दगडी भुकटीचे कण असतात. ओलं फडकं फिरलं की ते क्लिअर कोटवरून घासत जातात. हे वर्षाला तीनशेहून जास्त वेळा घडतं. स्वर्ल मार्कचं मूळ कारण हेच. ऊन, पाऊस, ट्रॅफिक यांचा नंबर नंतर लागतो.

त्या माणसाला दोष देऊ नका. त्याला महिन्याला गाडीमागे काही शे रुपये मिळतात आणि ऑफिसची वेळ व्हायच्या आत सगळ्या गाड्या पुसून द्यायच्या असतात. गाडी पुसलेली दिसली नाही तर आपणच तक्रार करतो. तेव्हा त्याच्याशी व्यवहार बदला, पैसे तेवढेच ठेवा. त्याला सांगा, ‘दादा, रोज फक्त काचा आणि आरसे पुसा. बॉडीला हात लावू नका. रविवारी तेवढी पाइप लावून धुवा.’ त्याच्याकडे आपलं स्वतःचं मायक्रोफायबरचं मिट, म्हणजे धुवायचा हातमोजा, आणि दोन टॉवेल देऊन ठेवा आणि ते दुसऱ्या गाडीला वापरू नका म्हणून सांगा. पहिले पंधरा दिवस तो जुन्या सवयीने बॉनेटवर हात फिरवेल, पुन्हा सांगावं लागेल. शेजारी विचारतील, ‘गाडी अशी धुळकट का?’ विचारू देत. धूळ नुसती बसून राहिली तर रंगाचं फारसं काही बिघडत नाही. ती घासली की बिघडतं.

डिकीत ठेवलेला तो लांब झालरीचा डस्टर, पिवळा कपडा, जुना बनियन, सिग्नलला कोणीतरी पुढे येऊन मारलेलं फडकं, या सगळ्यांना हाच नियम लागू. कोरड्या रंगावर कोरडं काही घासायचं नाही. गाडीचं कव्हरही याच यादीत येतं. धुळकट गाडीवर कव्हर चढवलं आणि ते वाऱ्याने दिवसभर हललं तर आतली धूळ पॉलिशपेपरचं काम करते. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून मगच कव्हर घाला, आणि पावसाळ्यात हवा न खेळणारं प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत दमट राहतं.

धुवायचं कसं

आठवड्यातून एकदा किंवा पंधरवड्यातून एकदा नीट धुतलेली गाडी रोज पुसलेल्या गाडीपेक्षा जास्त वर्षं नवी दिसते. त्यासाठी दोन बादल्या, एक मिट, पीएच न्यूट्रल कार शाम्पू आणि वाळवायला जाडसर मायक्रोफायबर टॉवेल एवढंच लागतं. गाडी सावलीत उभी करा आणि बॉनेट हाताला गार लागेल इतका वेळ जाऊ द्या. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू आणि पाणी लगेच सुकतं आणि डाग मागे ठेवतं.

आधी चाकं धुवा. त्यांच्यावर ब्रेक पॅडची लोखंडमिश्रित भुकटी असते, म्हणून चाकांचं कापड-ब्रश वेगळं ठेवायचं आणि ते कधीही बॉडीला लावायचं नाही. मग संपूर्ण गाडीवर हात न लावता भरपूर पाणी मारा. खरं काम याच टप्प्यात होतं. जितकी वाळू पाण्याने वाहून जाईल तितकी घासली जाणार नाही. घरी छोटा प्रेशर वॉशर आणि फोमची बाटली असेल तर फोम मारून पाच मिनिटं थांबा, सुकू न देता धुऊन टाका. प्रेशरची नळी रंगापासून दीडएक फूट लांब धरा. जिथे टवका उडालाय, स्टिकर आहे किंवा पॅनल पुन्हा रंगवलंय तिथे तर जवळ नेऊच नका. टवक्याच्या कडेतून पाणी घुसलं तर रंगाचा पापुद्रा उचकटतो.

आता मिट. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. मिट शाम्पूत बुडवायचं, छतापासून सुरू करून एक पॅनल सरळ रेषेत, दाब न देता पुसायचं. मग साध्या पाण्यात खळबळून, पिळून, पुन्हा शाम्पूत. दाराचा खालचा भाग, मागचा बंपर आणि चाकांच्या कडा सगळ्यात शेवटी, कारण खरी माती तिथे असते. पहिल्यांदा असं धुतल्यावर साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी बोट फिरवून बघा. तिथे जी रेती बोटाला लागेल ती एका बादलीच्या पद्धतीत पुन्हा गाडीवर गेली असती.

कपडे धुवायची पावडर आणि भांडी घासायचं लिक्विड नको. दोन्ही तेलकट घाण काढण्यासाठी बनवलेली असतात, त्यामुळे गाडीवरचा वॅक्स किंवा सीलंटही सोबत निघून जातो. टॉवेलने वाळवतानाही घासू नका. पसरून ठेवायचा, वरून हात फिरवायचा, उचलायचा. हे टॉवेल सुती कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका, सुताचे धागे त्यांत अडकतात. फॅब्रिक सॉफ्टनरही नको, त्याने टॉवेलची पाणी शोषण्याची ताकद जाते. आणि जमिनीवर पडलेला टॉवेल, मग तो कितीही नवा असो, धुतल्याशिवाय गाडीला लावायचा नाही.

वेळ नसेल तर वॉशिंग सेंटर आहेच, पण तिथेही बोलावं लागतं. तिथला स्पंज सकाळपासून कितव्या गाडीवर फिरतोय कोणास ठाऊक, आणि जमिनीवर पडलेला तो ब्रश तर मघाशी चिखलाच्या डंपरला लावलेला असू शकतो. सांगायचं, ‘खालून-वरून प्रेशर मारा, फोम मारा, पुन्हा प्रेशर मारा, बस. ब्रश-स्पंज नको, पुसायचं माझं मी बघतो.’ ते जरा विचित्र नजरेने बघतात, पण त्यांचं काम वाचतं, त्यामुळे वाद घालत नाहीत.

पाण्याबद्दल एक गोष्ट. पुण्या-नाशिकच्या अनेक सोसायट्यांत गाड्या बोअरच्या पाण्याने धुतल्या जातात. ते जड असतं. थेंब उन्हात सुकला की क्षारांचं पांढरं कडं मागे राहतं आणि तसंच तापत राहिलं तर क्लिअर कोटमध्ये ठसा उमटतो. ताजं कडं असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन ओल्या टॉवेलने पुसा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. बाथरूमच्या टाइल्सचं अॅसिड यासाठी कोणी सुचवलं तर हात जोडा.

झाडाखालची गाडी

पार्किंग नसलेल्या माणसाला झाडाची सावली देवासारखी वाटते. पण कुठलं झाड, हे बघावं. आंब्याला मोहोर येतो त्या दिवसांत तुडतुडे झाडाचा रस शोषतात आणि गोड चिकट थेंबांचा सडा खाली टाकतात. दोन दिवसांत काच आणि छत चिकट होतं, त्यावर धूळ बसते, आणि मग फडकं मारलं की चरे पडायचेच. असा चिकटा शाम्पूच्या कोमट पाण्यात भिजवून काढावा. राहिलेले राळेचे घट्ट थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने, न खरवडता, थोडा वेळ धरून विरघळवावे. जांभूळ आणि उंबर यांच्याखाली हंगामात गाडी लावू नये. फळांच्या डागांपेक्षा ती फळं खायला येणाऱ्या वटवाघळांचा आणि पक्ष्यांचा त्रास जास्त.

पक्ष्यांची विष्ठा हा रंगाचं वेगाने नुकसान करणारा शत्रू आहे. त्यात युरिक अॅसिड असतं, बारीक खडे आणि बियाही असतात. मे महिन्यात उन्हातलं गडद बॉनेट सहज ७० अंशांपर्यंत तापतं. तापलेला क्लिअर कोट मऊ पडतो आणि वर विष्ठा कडक सुकत जाते. संध्याकाळी थंड होताना क्लिअर कोट त्या सुकलेल्या आकाराभोवती आवळतो आणि ठसा राहतो. उन्हाळ्यात यासाठी काही तास पुरतात. म्हणून गाडीत पाण्याची स्प्रे बाटली आणि टिश्यू कायम ठेवा. टिश्यू भिजवून त्यावर पाच मिनिटं ठेवायचा, मऊ झालं की वरच्या वर उचलायचं, जागा पाण्याने धुवायची. नखाने खरवडायचं नाही, कोरड्या कापडाने तर मुळीच नाही.

डांबराचे काळे ठिपके टार रिमूव्हरने काढावेत. घरगुती इलाज म्हणून रॉकेल चालतं, पण लगेच शाम्पूने ती जागा धुवावी. बांधकामाखाली किंवा मेट्रोच्या कामाखाली उभ्या गाडीवर सिमेंटचे थेंब पडतात. ते खरवडले तर खालचा रंगही येतो. व्हिनेगरने भिजवलेलं कापड वारंवार ठेवून मऊ करा, नाहीतर डिटेलरकडे, म्हणजे गाडीच्या रंगाची निगा राखणाऱ्या कारागिराकडे न्या. रुळांजवळ गाडी लावणाऱ्यांना आणखी एक अडचण: लोखंडाचे सूक्ष्म तापलेले कण रंगात रुततात आणि पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसतात. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. तो मारला की लोखंड जिथे आहे तिथून जांभळे ओघळ येतात आणि नाकाला न सोसणारा वास सुटतो. मोकळ्या हवेत वापरा, सुकू देऊ नका.

कोकणात आणि समुद्रकाठच्या मुंबईत खारी हवा असते. तिथे चमकेपेक्षा टवक्यांची काळजी करा. बॉनेटवर खडा लागून पत्रा उघडा पडला असेल तर आठवड्याच्या आत टच-अप पेन लावा. रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या किंवा इंजिनच्या खोलीतल्या स्टिकरवर असतो. नसेल सापडत तर सर्व्हिस सेंटरला चासी नंबर सांगा. आंबोली-फोंडा घाटातून तांबडी माती घेऊन आलेली गाडी त्याच दिवशी खालून धुवा, चाकांच्या कमानीत ती माती ओलावा धरून बसते.

रबिंग

गॅरेजवाला ज्याला ‘रबिंग-पॉलिश’ म्हणतो ते नेमकं काय, हे समजून घ्या. चरा हा खड्डा आहे. तो भरून निघत नाही. आजूबाजूचा क्लिअर कोट त्याच्या तळापर्यंत घासून खाली आणायचा, म्हणजे चरा नाहीसा होतो. त्यामुळे प्रत्येक रबिंगला काही मायक्रॉन कायमचे जातात. चांगल्या हातात एक-दोन, आडदांड हातात त्याच्या कितीतरी पट. दरवर्षी दिवाळीला सर्व्हिसिंगबरोबर ‘रबिंग करून टाका’ म्हणणारा मालक सात-आठ वर्षांत स्वतःच क्लिअर कोट संपवतो. सर्व्हिस सेंटरचा अॅडव्हायझर बिलात ते सहज घालतो, नको म्हणायला शिका. नख अडकतं इतका खोल चरा पॉलिशने घालवायच्या भरीस पडू नका. तो थोडा पुसट होईल एवढं पुरे.

मशीनचेही प्रकार आहेत. रोटरी मशीन एकाच अक्षावर गरगर फिरतं, झपाट्याने कापतं आणि एकाच जागी धरलं तर रंग जाळतं. पॅनलच्या कडांवर आणि उभारलेल्या रेषांवर क्लिअर कोट पातळ असतो, तिथेच हे घडतं. नवशिक्याने रोटरी चालवली की उन्हात पंख्याच्या पात्यांसारखे झुलते पट्टे दिसतात, त्यांना होलोग्राम म्हणतात. ड्युअल अॅक्शन मशीन फिरता फिरता डुलतंही, त्यामुळे उष्णता कमी होते, काम सावकाश पण सुरक्षित होतं. इटलीच्या रुपेससारख्या कंपन्यांनी मोठ्या डुलीची अशी मशीन लोकप्रिय केली. घरी प्रयोग करायचा असेल तर ड्युअल अॅक्शनच घ्या आणि पहिला हात भंगारातून आणलेल्या बॉनेटवर बसवा.

पॉलिशच्या आधी क्ले बार. गाडी धुऊन वाळवा, हात प्लास्टिकच्या पातळ पिशवीत घालून बॉनेटवरून फिरवा. खरखर लागली तर रंगात कण रुतलेत. मातीसारखी ती वडी भरपूर निसरड्या लुब्रिकंटवर हलक्या हाताने फिरवली की ते निघतात. वडी खाली पडली तर टाकून द्या, पैशांकडे बघू नका.

टेफ्लॉन, सिरॅमिक, फिल्म

टेफ्लॉन कोटिंग हा आपल्याकडे शोरूममध्ये सर्रास विकला जाणारा प्रकार. तव्यावरचं टेफ्लॉन साडेतीनशे अंशांच्या वर तापवून बसवावं लागतं. गाडीचा रंग त्या तापमानात तग धरणार नाही. तेव्हा गाडीवर जे लावतात ते व्यवहारात एक पॉलिमर सीलंट असतं. वाईट नाही, चार-सहा महिने चमक देतं; पण त्यासाठी पाच-सहा हजार आणि ‘तीन वर्षांचं संरक्षण’ ही भाषा मान्य करू नका. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या ताडाच्या पानांवरून मिळणारा कार्नौबा वॅक्स सुंदर उबदार चमक देतो, पण आपल्या उन्हात महिना-दीड महिन्यात उतरतो. ज्याला रविवारी सकाळी स्वतः हाताने गाडी चमकवायला आवडतं त्याच्यासाठी तोच खरा.

सिरॅमिक कोटिंग हे सिलिकावर आधारित द्रव असतं. ते क्लिअर कोटवर बसून कडक होतं आणि एक-दोन मायक्रॉनचा, बहुधा त्याहूनही पातळ थर तयार करतं. त्याचे खरे फायदे असे की पाणी अळवाच्या पानावरून ओघळावं तसं ओघळतं, चिखल चिकटून बसत नाही, गाडी पटकन धुऊन होते, विष्ठा आणि राळ यांना आत मुरायला थोडा जास्त वेळ लागतो. जे फायदे सांगतात पण नसतात ते असे की दगड लागला तरी टवका उडणार नाही, चरा पडणार नाही, गाडी धुवावीच लागणार नाही. ‘९एच’ हा आकडा ऐकून भारावून जाऊ नका. तो शिसपेन्सिलींच्या कठीणपणाचा आकडा आहे. ठरावीक वजनाखाली पेन्सिल घासून कोणती पेन्सिल ओरखडा पाडते हे त्या चाचणीत बघतात. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिऱ्याच्या १० नंतर येणारा ९ तो नव्हे. रस्त्यावरच्या वाळूला ही पेन्सिल-चाचणी माहीत नसते.

शिवाय कोटिंग खालच्या चऱ्यांना झाकत नाही, उलट कायमचं दाखवतं. त्यामुळे कोटिंगचा निम्म्याहून जास्त खर्च त्याआधीच्या पॉलिशचा असायला हवा. दोन तासांत कोटिंग करून देतो म्हणणाऱ्याने पॉलिश केलेलं नसतं. आधीचं काम आणि सुकण्याचा वेळ धरून दोन दिवस तरी जातातच. लावल्यावर पहिला दिवस पाणी लागू द्यायचं नाही आणि आठवडाभर शाम्पू नाही; म्हणून भर जुलैत, उघड्यावर गाडी लावणाऱ्याने हे काम काढूच नये. बोअरचं पाणी असेल तर कोटिंगवर उभे राहणारे थेंब जास्त ठळक डाग पाडतात, हेही कोणी आधी सांगत नाही.

दगडाच्या माऱ्यापासून खरंच वाचवते ती पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे पीपीएफ. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांची वाळूपासून झीज होऊ नये म्हणून अशा पॉलियुरेथिनच्या पट्ट्या वापरल्या गेल्या, तिथून ही कल्पना गाड्यांवर आली. आजची चांगली फिल्म थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथिनची, १५० ते २०० मायक्रॉन जाडीची असते. कारखान्याच्या सगळ्या रंगापेक्षा जाड. हलके चरे उन्हात किंवा गरम पाण्याने आपोआप भरून येतात. पण पूर्ण गाडीला करायचं तर मध्यम आकाराच्या गाडीलाही लाखाच्या आसपास किंवा त्याहून जास्त जातात. माझं मत विचाराल तर बारा-पंधरा लाखांच्या गाडीला पूर्ण फिल्म लावणं हा हौसेचा भाग आहे. पुढचा बंपर, बॉनेटची पुढची कड, आरशांच्या पाठी, दाराच्या मुठीखालची वाटी आणि डिकी उघडताना सामान घासतं ती बंपरची वरची पट्टी, एवढ्याच जागी लावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रोज धावणाऱ्याला तेवढ्याने फरक पडतो.

फिल्म स्वस्तात मिळाली तर ती पीव्हीसीची आहे का, ते विचारा. पीव्हीसी आणि टीपीएच या नावाने मिळणारा माल पॉलियुरेथिनसारखा ताणला जात नाही आणि लवकर पिवळा पडतो. फिल्म कापायची कशी, हेही विचारा: संगणकावर आधी कापून आणलेली, की गाडीवर ठेवून पात्याने? दुसऱ्या पद्धतीत हात चुकला तर पातं रंगात उतरतं. पुन्हा रंगवलेल्या पॅनलवर फिल्म लावली असेल तर काढताना रंग सोबत येण्याची शक्यता असते, हे आधीच समजून घ्या. आणि पारदर्शक फिल्म सोडून रंग बदलणारी फिल्म लावणार असाल तर आधी आरटीओकडे चौकशी करा. गाडीचा रंग आरसी बुकात लिहिलेला असतो, बदल नोंदवावा लागतो.

कोणाकडे द्यावी

डिटेलरच्या स्टुडिओत गेलात की आधी भिंतीवरची प्रमाणपत्रं सोडा आणि जमीन बघा. धूळ उडणाऱ्या, रस्त्याकडे उघड्या शटरमध्ये पॉलिश होत असेल तर बाहेर पडा. मग पेंट थिकनेस गेज आहे का विचारा. ते यंत्र पत्र्यावर टेकवलं की मायक्रॉनमध्ये जाडी दाखवतं. प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही. एखादं दार ३०० दाखवत असेल तर तिथे लांबी भरून रंगवलेलं आहे. ८० दाखवत असेल तर जपून घासावं लागेल. जो हे न मोजता मशीन चालू करतो त्याच्या हाती गाडी देऊ नये. एकाच पॅनलच्या कोपऱ्यात नमुना करून दाखवायला सांगा, आणि तो नमुना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघायला सांगा. काही पॉलिशमध्ये चरे तात्पुरते भरणारी तेलं असतात. पुसल्यावर चरे परत दिसले तर ते घालवले नव्हते, झाकले होते. चांगला डिटेलर या मागणीवर खूश होतो. कपाळावर आठी आणणाऱ्याला धन्यवाद म्हणा.

वॉरंटीचा कागद वाचा. बहुतेक वेळा दर सहा महिन्यांनी त्याच ठिकाणी पैसे भरून ‘मेंटेनन्स’ करून घ्यायची अट असते. अपघातात कोटिंग केलेलं पॅनल बदललं तर विमा पॅनलचे पैसे देईल, कोटिंगचे देईलच असं नाही. फिल्मवर मोठी रक्कम घालणार असाल तर विमा एजंटाला आधी विचारून घ्या.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी एक काम आजच करण्यासारखं आहे. बुकिंग करतानाच सेल्समनला लेखी सांगा: डिलिव्हरीच्या आधी गाडी पुसू नका, पॉलिश नको, कोटिंग नको, बॉनेटवरचं प्लास्टिक काढू नका. यार्डात महिनाभर धुळीत उभी असलेली गाडी डिलिव्हरीच्या सकाळी घाईत फडक्याने चमकवतात, आणि पहिले चरे आपण किल्ली घ्यायच्या आत पडलेले असतात. धुळकट गाडी घेऊन जायची तुमची तयारी आहे हे त्याला पटायला वेळ लागतो. फुगे, रिबीन आणि बॉनेटवर चिकटवलेला तो मोठा बो यांनाही नको म्हणा, किमान चिकटपट्टी रंगावर नको.

राहिला दसरा. खंडेनवमीला गाडी धुऊन पूजा करायची, यात दुमत नाही. पण ओल्या कुंकवाचं स्वस्तिक पांढऱ्या बॉनेटवर काढून चार दिवस उन्हात ठेवलं की बाजारच्या कुंकवातला रंग मागे राहतो. हळद तितकी हट्टी नाही, उन्हाने आपोआप फिकी पडते. स्वस्तिक समोरच्या काचेच्या कोपऱ्यात काढा. झेंडूचा हार तारेने न बांधता सुती दोऱ्याने बांधा आणि संध्याकाळी उतरवा, वाऱ्याने तो लोंबकळत बॉनेट घासत राहतो. नारळ गाडीपासून चार पावलं दूर फोडा, बॉनेटवर उडालेलं पाणी लगेच पुसून टाका. चाकाखालच्या लिंबाला मात्र रंगाकडून काही हरकत नाही.